दाभोळचा धूर, रोमचं छत



वर्तमानपत्र उघडलं की आठवड्यातून एकदा तरी 'मध्ययुगीन' हा शब्द भेटतोच. जातपंचायतीनं एखाद्या घराला वाळीत टाकलं की तो मध्ययुगीन प्रकार. कुणी बाईला डाकीण ठरवून मारलं की ती मध्ययुगीन मनोवृत्ती. अग्रलेख लिहिणाऱ्याच्या हाताशी हा शब्द कायम तयार असतो, तिखटमिठाच्या डब्यासारखा. मला मात्र तो दोनदा टोचतो. एकदा इतरांना टोचतो तसा, आणि दुसऱ्यांदा माझ्या नावामुळे. शाळेत आपण हिंदुस्थानचा इतिहास तीन तुकड्यांत शिकलो. त्यातला मधला तुकडा मुसलमानी अमलाचा. त्यामुळे मध्ययुग वाईट म्हटलं की त्याचा थोडासा चिखल आमच्या अंगणात उडतोच. म्हणणाऱ्याच्या मनात तसं नसेलही. पण उडतो.

म्हणून आजच्या भाषणात मी जरा जुना, बी. ए. च्या परीक्षेतला प्रश्न घेणार आहे. युरोपातलं मध्ययुग आणि प्रबोधनकाळ, म्हणजे ज्याला आपण रेनेसान्स म्हणतो तो काळ, यांत फरक काय? चित्रांत काय बदललं, माणसांत काय बदललं? आणि हे सगळं आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात उभं राहून पाहिलं तर कसं दिसतं?

पहिली गोष्ट म्हणजे, मध्ययुगात राहणाऱ्या कुणालाही आपण मध्ययुगात राहतो हे माहीत नव्हतं. बाराव्या शतकातला पॅरिसचा पाथरवट सकाळी उठून 'चला, मध्ययुगातला आणखी एक दिवस' असं म्हणत नव्हता. त्याच्या लेखी तो अगदी आजचा माणूस होता. हे नाव नंतरच्यांनी दिलं. चौदाव्या शतकात पेत्रार्क नावाच्या इटालियन कवीला वाटलं की जुन्या रोमचं वैभव आणि आपला काळ यांच्या मध्ये अंधार पसरला आहे. पुढच्यांनी त्या अंधाराला 'मधला काळ' म्हटलं. १५५० साली वासारीनं चित्रकारांची चरित्रं लिहिली आणि कलेचा 'पुनर्जन्म' झाला असं सांगितलं. त्या पुनर्जन्माचं पूर्ण बारसं झालं ते एकोणिसाव्या शतकात, १८५५ मध्ये फ्रान्समध्ये मिशलेच्या आणि १८६० मध्ये स्वित्झर्लंडच्या बुर्कहार्टच्या पुस्तकांतून. म्हणजे मूल चारशे वर्षांचं झाल्यावर बारसं!

आपण मराठीत 'प्रबोधन' म्हणतो, ते मला जास्त आवडतं. रेनेसान्स म्हणजे पुनर्जन्म. प्रबोधन म्हणजे जागं होणं. कार्तिकी एकादशीला आपण प्रबोधिनी एकादशी म्हणतो, कारण त्या दिवशी देव झोपेतून उठतो. पुनर्जन्म झालेला माणूस नवा असतो, पण जागा झालेला तोच जुना असतो, फक्त त्याचे डोळे उघडलेले असतात. खऱ्या इतिहासाला हा दुसरा शब्द अधिक लागू पडतो.

आता चित्राकडे येऊ. मध्ययुगीन युरोपातलं धर्मचित्र कसं असे? पार्श्वभूमीला सोन्याचा वर्ख. मधे मेरी आणि बाळ येशू. मेरी मोठी, देवदूत त्याहून लहान, आणि चित्रासाठी पैसे देणारा भाविक कोपऱ्यात बोटाएवढा. कोण किती दूर उभा आहे यावर आकार ठरत नसे. कोण किती थोर आहे यावर ठरे. ऊन कुठून येतं, सावली कुठे पडते, याला महत्त्व नाही, कारण ती जागाच स्वर्गातली.

हे परकं वाटत असेल तर सिंधुदुर्गात पिंगुळीला जा. तिथल्या ठाकर समाजाच्या चित्रकथी पोथ्या पाहा. कागदावरची चित्रं, रामायण-महाभारतातली. चेहरे बाजूनं, डोळे टपोरे, सावली नाही. आणि खाली चित्रकाराचं नाव नाही. सावंतवाडी संस्थानानं या कलेला आश्रय दिला. ही चित्रं भिंतीवर टांगायची नव्हेत. रात्री दिव्याच्या उजेडात, वाद्याच्या साथीवर कथा गात गात एकेक पान पुढे धरायचं. अशा वेळी चित्रातला घोडा शरीरशास्त्राप्रमाणे बरोबर आहे का, हे कोण पाहणार? आवाज आणि चित्र मिळून घोडा धावतो. म्हणून 'त्यांना जमत नव्हतं' असं मी म्हणणार नाही. त्यांना वेगळंच काही जमवायचं होतं. हेच मी मध्ययुगीन युरोपच्या चित्रकारांबद्दलही म्हणेन.

मग बदललं काय? चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला पादुआच्या प्रार्थनामंदिरात जोत्तोनं भिंती रंगवल्या आणि चित्रातली माणसं वजनदार झाली. रडणाऱ्याचा चेहरा खरोखर वेडावाकडा झाला. पाठमोरी माणसं आली. पाठमोरा माणूस काढायला धैर्य लागतं, कारण तो भाविकाकडे पाहत नाही, चित्रातल्या घटनेकडे पाहतो. पुढे शंभर वर्षांनी फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीनं यथार्थदर्शनाचं गणित दाखवून दिलं. भाट्याच्या पुलाच्या एका टोकाला उभे राहा. दोन्ही बाजूंचे कठडे दूर जाता जाता जवळ येतात आणि जणू एका ठिपक्यात मिळतात. रोज दिसणारी ही गोष्ट भिंतीवर मोजून मापून उतरवता येते, हे त्यानं सिद्ध केलं. १४३५ मध्ये अल्बेर्तीनं त्याचे नियम पुस्तकात लिहिले. १४२७ च्या सुमारास मासाच्चोनं एका चर्चच्या भिंतीवर ख्रिस्ताचं चित्र काढलं, तर पाहणाऱ्यांना भिंतीला भोक पाडून आत खोली केल्यासारखं वाटलं. त्या चित्रात पैसे देणारे नवरा-बायको गुडघे टेकून बसले आहेत आणि त्यांचा आकार मेरीएवढाच आहे. बोटाएवढा माणूस एकदम पुरता माणूस झाला. मला विचाराल तर प्रबोधनकाळ म्हणजे काय, याचं सगळ्यात थोडक्यातलं उत्तर त्या दोन गुडघ्यांवर बसलेल्या माणसांत आहे.

मात्र ब्रुनेलेस्कीच्या ठिपक्यामागे आणखी एक ठिपका आहे. तो कैरोत आहे. अकराव्या शतकात इब्न अल्-हैथम नावाच्या अरब विद्वानानं प्रकाशावर ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर जाऊन वस्तूला शिवतात हा जुना समज त्यानं खोडला, आणि प्रकाश वस्तूवरून डोळ्यात येतो असं दाखवलं. हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, मग इटालियनमध्ये. फ्लॉरेन्सचा शिल्पकार गिबर्तीनं आपल्या लिखाणात त्याचा भरपूर वापर केला. म्हणजे अंधारयुग म्हणतात त्या काळात कैरोमध्ये एक माणूस उजेडाचाच अभ्यास करत बसला होता.

समाजात काय बदललं? पैसा कुणाच्या हातात आहे, ते बदललं. सरदार आणि मठ यांच्याबरोबरीनं सावकार, कापडवाले, पेढीवाले आले. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याचा धंदा सावकारीचा. हिशेबासाठी त्यांना सोपे आकडे लागत होते, आणि ते आकडे आपल्याकडचे. हिंदुस्थानातून अरबांकडे आणि तिथून फिबोनाचीच्या १२०२ सालच्या पुस्तकातून इटलीत गेलेले. १३४७ पासून प्लेगनं युरोपची फार मोठी लोकसंख्या नेली. उरलेल्या मजुराची मजुरी वाढली, आणि मेलेल्यांच्या नावानं चित्रं, प्रार्थनामंदिरं बांधून घेणारेही वाढले. चित्रकार हा तोवर कारागीर. फ्लॉरेन्समध्ये चित्रकारांची नोंद वैद्य आणि औषधविक्रेत्यांच्या संघात होई, कारण रंग औषधाच्या दुकानात मिळत. करारात किती मोलाची निळी वापरायची तेही लिहिलेलं असे. पुढे पुढे निळीपेक्षा हाताला भाव आला. 'चित्र अमक्याच्या हातचं हवं' असं लोक म्हणू लागले. मायकलअँजेलोनं 'पिएता'वर मेरीच्या छातीवरून जाणाऱ्या पट्ट्यावर स्वतःचं नाव कोरलं. त्यानं सही केलेलं ते एकमेव शिल्प. नंतर त्याला गरजच उरली नाही.

इथवर परीक्षेचं उत्तर झालं. एवढं लिहिलं की मार्क मिळतात. आता रत्नागिरीतून पाहू.

१५०८ च्या मे महिन्यात पोप दुसरा ज्युलियस यानं मायकलअँजेलोला रोममधल्या सिस्टाइन प्रार्थनामंदिराचं छत रंगवायला सांगितलं. त्या वर्षाच्या उत्तरार्धात तो परातीवर चढला. मान वर, दाढी आकाशाकडे, तोंडावर रंगाचे थेंब. १५१२ पर्यंत हे चाललं. त्याच १५०८ च्या डिसेंबरच्या अखेरीस आपल्या दाभोळच्या खाडीत पोर्तुगीज आरमार शिरलं. व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा त्याच वर्षी मार्चमध्ये चौलच्या लढाईत इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी लढताना मारला गेला होता. सूड घ्यायला निघालेल्या बापाच्या वाटेत दाभोळ लागलं. त्या वेळी ते विजापूरच्या अमलाखालचं, भरभराटीचं बंदर. होर्मुझ, एडन, मक्का या वाटांवर तिथली गलबतं चालत. बोलोन्याचा प्रवासी वार्थेमा काही वर्षांपूर्वीच तिथे येऊन गेला होता आणि त्यानं दाभोळचं वर्णन लिहून ठेवलं होतं. आल्मेदानं हे शहर जाळलं. बायका-मुलांचीही गय केली नाही, हे पोर्तुगीजांच्याच बखरकारांनी लिहून ठेवलं आहे. नंतर तो दीवकडे गेला आणि १५०९ च्या फेब्रुवारीत त्यानं ती मोठी लढाई जिंकली.

मला ही दोन दृश्यं एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत. एकीकडे परातीवर उभा असलेला मायकलअँजेलो, आणि त्याच महिन्यांत आमच्या वाशिष्ठीच्या मुखाशी उठलेला धूर. आल्मेदा हा मध्ययुगातला माणूस होता का? तारखा पाहिल्या तर तो ऐन प्रबोधनकाळातला. त्याच्या जहाजांचे नकाशे, तोफा, होकायंत्रं सगळी नवी. माणसाला माणसाएवढं काढायला शिकलेल्या युरोपनं दाभोळच्या माणसाला मात्र बोटाएवढाच ठेवला.

यानंतर कोकण किनाऱ्यावरच्या नाखव्याला स्वतःच्याच समुद्रात जायला पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घ्यावा लागे. आमच्या घरांत समुद्राच्या ज्या जुन्या गोष्टी सांगतात, त्यांत फिरंगी हा शब्द राक्षसासारखा येतो, तो उगीच नाही. दाभोळ पुन्हा उभं राहिलं, हेही सांगितलं पाहिजे. खाडीकाठची विजापुरी धाटणीची ती देखणी मशीद सतराव्या शतकातली आहे.

किनाऱ्यावरून युरोपात मालाबरोबर नवलाईही गेली. १५१४ मध्ये पोर्तुगालच्या राजानं पोपला हिंदुस्थानातला एक हत्ती भेट पाठवला. तो रोमचा इतका लाडका झाला, की तो मेल्यावर त्याचं स्मृतिचित्र करायचं काम राफाएलकडे आलं. गुजरातच्या सुलतानाकडून मिळालेला गेंडा १५१५ मध्ये लिस्बनला पोचला. जर्मनीतल्या ड्यूररनं तो कधीच पाहिला नाही. दुसऱ्याच्या रेखाटनावरून आणि वर्णनावरून त्यानं लाकडी ठसा कोरला आणि अंगावर चिलखत चढवल्यासारखा तो गेंडा युरोपनं पुढची दोनेकशे वर्षं खरा मानला. निसर्ग डोळ्यांनी पाहून काढा म्हणणाऱ्या युगातलं हे सर्वांत गाजलेलं प्राणिचित्र, आणि तेच न पाहता काढलेलं! मला ड्यूरर या एका गोष्टीसाठी फार जवळचा वाटतो. कवीही असंच करतो.

दाभोळ जळल्यानंतर एका वर्षाच्या आत राफाएलनं पोपच्या दालनात 'अथेन्सची शाळा' हे भित्तिचित्र काढायला घेतलं. मधे प्लेटो आणि ॲरिस्टॉटल, भोवती ग्रीक तत्त्वज्ञांचा मेळा. डाव्या बाजूला पागोटं घातलेला एक माणूस पुढे वाकून कुणाच्या तरी वहीत पाहतो आहे. तो कॉर्दोबाचा इब्न रुश्द. ॲरिस्टॉटलवर त्यानं केलेल्या भाष्यांवर युरोपची विद्यापीठं कित्येक पिढ्या पोसली गेली. राफाएलला तो चित्रात हवासा वाटला. समुद्रावर त्याच्या धर्मबांधवांशी काय चाललं होतं, याचा त्या दालनात मागमूस नाही. एका काळाला एकच चेहरा असतो असं मानलं की अशी कोडी सुटत नाहीत.

आणि ज्या गोष्टींना आपण सरसकट मध्ययुगीन म्हणतो, त्यांच्या तारखा जरा तपासून पाहा. युरोपात चेटकिणी म्हणून बायकांना जाळण्याचा कहर झाला तो मुख्यतः सोळाव्या-सतराव्या शतकांत, म्हणजे छापखाना आल्यानंतर, शेक्सपिअरच्या आणि गॅलिलिओच्या काळात. ब्रूनोला रोममध्ये जाळलं ते १६०० मध्ये. गोव्यात इन्क्विझिशन आलं ते १५६० मध्ये. याउलट विद्यापीठं, चष्मा, गगनाला भिडणारी कॅथिड्रलं ही त्या 'अंधाऱ्या' काळाची देणगी. मी मध्ययुगाची वकिली करतो आहे असं समजू नका. वेठ होती, भुकेनं माणसं मरत होती, धर्मयुद्धं होत होती. पण शिवी देताना निदान पत्ता बरोबर लिहावा.

आता आपल्या भाषेत या. फ्लॉरेन्सचे आणि रॉटरडॅमचे विद्वान जुन्या पोथ्या गोळा करत होते, पाठभेद ताडून शुद्ध प्रत तयार करत होते. प्रबोधनाचा हा पायाच. इरॅस्मसनं १५१६ मध्ये बायबलच्या नव्या कराराची ग्रीक प्रत अशीच सिद्ध केली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या बाबतीत नेमकं हेच काम केलं. तीनशे वर्षांत नकलाकारांनी घातलेली भर काढून त्यांनी शुद्ध प्रत केली. आणि हेच एकनाथ हिंदू-तुर्कांचा संवाद लिहितात, भारुडात महार बोलता करतात. त्यांना मध्ययुगीन म्हणायचं की प्रबोधनकालीन? न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात संतांच्या चळवळीची तुलना युरोपातल्या धर्मसुधारणेशी केली होती. ती पूर्ण पटत नाही, पण रानड्यांना प्रश्न पडला होता हे महत्त्वाचं.

एकनाथ हयात असताना, १५७९ मध्ये, गोव्याला एक इंग्रज जेझुइट उतरला, थॉमस स्टीफन्स. हा एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडमधला शिकलेला माणूस. नव्या ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण हवं होतं. त्यानं ते मराठीत, ओवीत लिहिलं. जवळपास अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं, रोमन लिपीत, कारण मराठी अक्षरांचे खिळे पाडले गेले नव्हते. परक्या माणसाला मराठीचं केवढं प्रेम लागावं! पण नीट पाहिलं तर चित्र उलटंपालटं आहे. लेखक प्रबोधनकाळातला, यंत्र प्रबोधनकाळातलं, छंद मध्ययुगीन, आणि बाहेर इन्क्विझिशन बसलेलं. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला होता. इटली-जर्मनीत छापखान्यानं समाज ढवळून काढला. गोव्यात काय झालं? १६८४ मध्ये व्हाइसरॉयनं लोकांची भाषाच बंद करण्याचा हुकूम काढला. तिथला छापखानाही थंडावला तो १८२१ पर्यंत. नुसतं यंत्र आणून समाज जागा होत नाही. यंत्र कुणाच्या हातात आहे, यावर सगळं ठरतं.

मराठी माणसाच्या हातात ते एकोणिसाव्या शतकात आलं, आणि तिथे कोकण पुढे होतं. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर. गाव आता सिंधुदुर्गात, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी 'दर्पण' काढलं, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. आणि १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापून काढली. ज्ञानेश्वर, एकनाथ, जांभेकर अशी ही साखळी मला फार मोलाची वाटते. एकानं लिहिलं, एकानं शुद्ध केलं, एकानं वाटलं.

चित्रांच्या बाबतीत मुंबईला सर जमशेटजी जीजीभॉयांनी दिलेल्या एक लाख रुपयांतून १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली, आपलं जे. जे. तिथे ग्रीक पुतळ्यांचे प्लॅस्टरचे साचे समोर ठेवून मुलांना रेखाटायला लावत. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सला जे झालं ते आपल्याकडे असं तयार साच्यातून, सरकारी अभ्यासक्रमातून आलं. यात थोडी गंमत आहे, थोडं दुःखही. तरी हातात जीव असला की साच्यातूनही काही निघतं. गणपतराव म्हात्रे नावाच्या तरुणानं १८९६ मध्ये 'मंदिरपथगामिनी' घडवली. देवळाकडे निघालेली साधी मराठी मुलगी, हातात पूजेचं साहित्य. देवीची मूर्ती घडवणाऱ्या परंपरेत देवीकडे जाणारी बाई मूर्तीचा विषय झाली.

आणि कोल्हापूरचे आबालाल रहिमान. त्यांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचं काम चालत असे. म्हणजे सुलेखन, वेलबुट्टी, सोनेरी हाशिया. चेहरा काढायचा नाही, सावली काढायची नाही. अशा घरातला मुलगा जे. जे. त जातो, १८८८ मध्ये व्हाइसरॉयचं पदक मिळवतो, मुंबईत नाव काढायचं सोडून कोल्हापूरला परततो आणि पंचगंगेचा घाट, कोटितीर्थ, संध्यामठ यांच्यावर सकाळ-संध्याकाळी पडणारा उजेड रंगवत बसतो. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. १९३१ मध्ये ते गेले. दोनशे वर्षांचा प्रवास इटलीत कित्येक पिढ्यांनी केला, तो आबालालांच्या घरात दोन-तीन पिढ्यांत झाला. आणि गंमत पाहा, त्यांच्या पाण्यावरच्या उजेडात मला तो सोनेरी हाशियाच दिसतो. वाडवडलांचा सोन्याचा वर्ख पोराच्या हातात ऊन झाला, असं मी एकदा कवितेत म्हणायला गेलो होतो. कविता जमली नाही, पण कल्पना मला अजून पटते.

इटलीच्या प्रबोधनानं एक प्रश्न नीट विचारलाच नाही. दाराबाहेर कोण आहे? जोन केली या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७७ मध्ये निबंध लिहून विचारलं, की बायकांच्या वाट्याला रेनेसान्स आला होता का? त्यांचं उत्तर नाही असं होतं. आपल्याकडे हा प्रश्न फार आधी विचारला गेला. ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली १८८२ मध्ये. त्याआधी १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली. जोतीरावांची शाळा सुटली होती. मुलाला पुन्हा शाळेत घाला असा आग्रह त्यांच्या वडिलांना करणाऱ्यांत शेजारचे मुनशी गफार बेग होते. मराठी प्रबोधनाच्या उंबऱ्यावर एक फारसीचा जाणकार उभा आहे, हे मी मुद्दाम सांगतो.

मी मिरजोळ्याचा म्हटलं की पुष्कळदा लोक विचारतात, 'म्हणजे हमीद दलवाईंचं गाव?' नाही. त्यांची मिरजोळी चिपळूणजवळची. आमचं मिरजोळे रत्नागिरी शहराला लागून, विमानतळ नि एम. आय. डी. सी. वालं. एका वेलांटीचा फरक. पण मला ती गफलत आवडते. दलवाईंनी 'इंधन' लिहिली ती अस्सल कोकणी मातीतली मराठी कादंबरी. १८ एप्रिल १९६६ ला तोंडी तलाकविरुद्ध सात मुसलमान बायकांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधानभवनावर नेला. सात. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, नाव जोतीरावांकडून घेतलेलं. १९७७ मध्ये वयाच्या पंचेचाळिशीत ते गेले. एका दमात दिलेला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयानं रद्द ठरवला तो २०१७ च्या ऑगस्टमध्ये. दलवाईंच्या सगळ्या मतांशी मी सहमत नाही. आपल्या माणसांशी बोलताना त्यांनी थोडा अधिक ओलावा ठेवायला हवा होता असं मला वाटतं. पण त्या सात बायका रस्त्यानं चालल्या, तेव्हा मासाच्चोच्या चित्रातले दोघे चर्चच्या भिंतीवर जेवढे मोठे होते, तेवढ्याच त्या मोठ्या होत्या.

शेवटी माझ्या धंद्याकडे येतो, म्हणजे कवितेकडे. सही करणं हे प्रबोधनाचं लक्षण म्हणतात. आपल्याकडे मध्ययुगातला चित्रकार निनावी, पण कवी? तो अभंगाच्या शेवटच्या चरणात नाव घालतोच. नामा, चोखा, जनी, तुका. श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम'सारखा ग्रंथ मराठीत लिहितात आणि आपलं मुसलमानी नाव ओवीत बेधडक गुंफतात. सतराव्या शतकात अंबर हुसेन गीतेवर मराठीत टीका लिहितात. त्यांना कुणी विचारलं असेल का, की हे मुळात उर्दूत होतं का? मला विचारलं गेलं आहे. एका मासिकाच्या संपादकांनी माझी कविता परत पाठवताना लिहिलं होतं, 'अनुवाद चांगला आहे, मूळ कवीचं नाव कळवावं.' घरात आम्ही जी बोली बोलतो ती बाणकोटीच्या शेजारची. उर्दू मी मदरशात अक्षरापुरती शिकलो. १९९० मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा मी कॉलेजात होतो. वेगळं संमेलन कशाला, असं तेव्हा पुष्कळ जण म्हणाले. संपादकांच्या त्या पत्रानंतर कशाला ते मला कळलं.

आणि मग आमचे मालगुंडचे केशवसुत. आधुनिक मराठी कवितेचे जनक. जन्म १८६६. अभंग लिहिणारे संत आपलं नाव सांगत होते. 'मी'ची कविता लिहिणारा हा आधुनिक माणूस मात्र वडिलांच्या नावाआड लपतो. केशवाचा सुत, एवढंच. १९०५ मध्ये हुबळीला प्लेगनं ते गेले, आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक निघालं १९१७ मध्ये, हरिभाऊ आपट्यांच्या प्रयत्नानं. स्वतःचं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही.

त्यांनी १८९२ मध्ये मराठीत पहिलं सुनीत लिहिलं. चौदा ओळींचा हा घाट तेराव्या शतकात सिसिलीत, अरबी-लॅटिन-ग्रीक सगळे एकत्र नांदत अशा दरबारात जन्मला. पेत्रार्कनं तो गाजवला. हाच तो पेत्रार्क, अंधाराची तक्रार करणारा. तिथून सोळाव्या शतकात तो इंग्लंडला गेला, शेक्सपिअर, मिल्टन, वर्ड्सवर्थ यांच्या हातांतून फिरला, आणि इंग्रजी शाळेच्या पुस्तकातून आमच्या मालगुंडच्या शाळामास्तराच्या मुलाकडे आला. त्यानं या इटालियन घाटात पहिल्यांदा काय भरलं? शीर्षक आहे 'मयूरासन आणि ताजमहाल'. शाहजहानच्या दोन निर्मिती. मयूरासन १७३९ मध्ये नादिरशहानं नेलं. ताज आहे.

मालगुंडला त्यांचं घर १९९४ पासून स्मारक म्हणून जपलं आहे. मिरजोळ्याहून आरे-वारेच्या किनाऱ्यानं निघालं तर तासाभरात पोचता येतं. आत गेल्यावर कवीची खोली फार लहान वाटते, आणि मागच्या परसात माडांच्या सावल्या दुपारी अगदी मोजून आखल्यासारख्या पडतात.